कॅटनिप मांजराला द्यावं का? सासूबाई म्हणतात ही नशा आहे

सोनचाफा_कोथरूड
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्याकडे दोन मांजरं आहेत, चिंगी आणि गोट्या, दोघंही आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली, आता मोठी झालीयेत आणि दोघांचीही ऑपरेशन्स झालीयेत. भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याने वाळलेल्या कॅटनिपची एक डबी आणि आत कॅटनिप भरलेले दोन कापडी उंदीर आणले. अजून काहीच दिलेलं नाहीये कारण आधी मी मोबाईलवर व्हिडिओ बघत होते, त्यात एक मांजर ते हुंगून जमिनीवर गडबडा लोळतंय, लाळ गळतीये, डोळे वेगळेच झालेत, आणि ते शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं मुक्या जनावराला कसली नशा करायला लावतेस, त्याला काही झालं तर सांगता तरी येणारे का?" आणि खरं सांगू का, मला त्यांचं म्हणणं पटलं, म्हणजे नवरा म्हणतोय की सगळं जग देतं त्यात काय एवढं, पण सगळे देतात म्हणून आपणही द्यायचं हे काही मला झेपत नाही.

तर हे नक्की काय असतं, सवय लागते का, मेंदूवर वगैरे परिणाम होतो का? आणि दुसरं म्हणजे चिंगी फार घाबरट आहे, गणपतीत ढोल सुरू झाले की पलंगाखाली जाते ती रात्रीपर्यंत बाहेर येत नाही, दिवाळीत तर खाणंच सोडते. भाऊ म्हणाला की कॅटनिपने मांजरं शांत होतात. मग दिवाळीच्या आधी थोडं थोडं सुरू करू का? ज्यांनी खरंच वापरलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा.

व्हेटरनरी_फायनल_इयर
ताई, आधी भीती कमी करतो. कॅटनिप ही एक वनस्पती आहे, नेपेटा कॅटारिया, आपला पुदिना आणि तुळस ज्या कुळातले त्याच कुळातली. तिच्या पानात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं, त्याचा वास नाकात गेला की मांजर घासायला, चाटायला, लोळायला लागतं. हे सगळं साधारण ५ ते १५ मिनिटं चालतं आणि मग आपोआप थांबतं, नंतर तासभर तरी तुम्ही कितीही नाकासमोर धरा मांजर ढुंकूनही बघत नाही. म्हणजे व्हिडिओत दिसतं ते बघायला विचित्र वाटलं तरी मांजर त्या वेळी शुद्धीवर असतं, हाक मारली तर कान हलवतं, कंटाळा आला की उठून जातं.

सवयीचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे. २०२१ मध्ये जपानच्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकींच्या टीमने यावर काम केलं, त्यांनी कॅटनिपसारखीच असलेली मताताबी नावाची वेल घेतली होती, तिला इंग्रजीत सिल्व्हर व्हाइन म्हणतात. तो वास घेतल्यावर मांजरांच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलं, आणि एंडॉर्फिनचं काम अडवणारं औषध आधी दिलं तर मांजरांनी ते घासणं लोळणं केलंच नाही. थोडक्यात बाहेरून मादक पदार्थ शरीरात जात नाही, मांजराच्या स्वतःच्याच शरीरात जे बरं वाटवणारं रसायन आहे ते थोडा वेळ वाढतं. कॅटनिप मिळालं नाही म्हणून मांजर कासावीस झालं असं होत नाही, त्यामुळे व्यसन हा शब्द इथे लागू नाही. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा, त्यांची काळजी चुकीची नाहीये, मांजराला सांगता येत नाही हे अगदी खरं आहे म्हणूनच आपण आधी माहिती घ्यायची.

त्याच टीमने अजून एक दाखवलं जे मला फार आवडतं, ती पानं अंगाला घासलेल्या मांजरांवर डास कमी बसले. म्हणजे हा सगळा लोळण्याचा प्रकार निव्वळ मजेसाठी नसावा, अंगाला डासांविरुद्ध लेप लावण्याची ती पद्धत असू शकते.

आता तुमची मांजरं प्रतिसाद देतील का? सगळी देत नाहीत. साधारण तीनातली दोन देतात, हे बरंचसं आनुवंशिक असतं, आणि ३ ते ६ महिन्यांच्या आतली पिल्लं सहसा काहीच करत नाहीत. तेव्हा चिंगीने नुसतं हुंगून पाठ फिरवली तर ती आजारी आहे किंवा माल खराब आहे असं समजू नका. २०१७ च्या एका अभ्यासात १०० मांजरांना वेगवेगळे वास दिले होते, तिथे मताताबीला जवळपास ८० मांजरांनी प्रतिसाद दिला, कॅटनिपला त्याहून कमी, आणि कॅटनिपकडे दुर्लक्ष करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मताताबी आवडली.

द्यायचंच तर चिमूटभर, आठवड्यातून एकदोनदा. मूठभर खाल्लं तर उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. गाभण मांजरीला देऊ नये, तुमच्याकडे तो प्रश्नच नाही. आणि तेल, म्हणजे एसेन्शियल ऑइल, अजिबात नको. मांजराच्या लिव्हरला अशी तीव्र तेलं नीट पचवता येत नाहीत आणि ते अंगावर पडलं की चाटून पोटात जातंच.

पेठेतले_काका
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आमच्या वाड्यात मी लहान असल्यापासून मांजरं आहेत, कधी कुणी त्यांना डबीतली पूड दिली नाही. त्यांना उंदीर होते, पत्र्यावर ऊन होतं, चिमण्या होत्या, दिवसभर उद्योग होता. आता तीच मांजरं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली, खिडकीला जाळी, माणसं सकाळी नऊला बाहेर ती संध्याकाळी सात वाजता घरी, आणि मग मांजर सोफा फाडतं म्हणून त्याला खेळणी आणि पावडर आणायची. कॅटनिप विष नाही हे मान्य, वरच्या डॉक्टरांनी छान सांगितलंय. पण त्याला खरी गरज आहे ती तुमच्या वेळेची. रोज संध्याकाळी एका दोरीला पीस बांधून त्याला पळवा, धापा टाकेपर्यंत पळवा आणि मग जेवायला द्या, बघा कसं झोपतं. हे न करता नुसतं कॅटनिप टाकून माणसं मोबाईल बघत बसतात हे मी नात्यातल्याच घरात पाहतोय आणि मला त्या मांजराकडे बघवत नाही.

मनीची_आई
काका, खेळाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, पण दोन्ही होऊ शकतं की. मी कर्वेनगरला राहते, घरातली चार आणि रस्त्यावरची वेगळी, नसबंदी करून परत सोडतो आम्ही. कॅटनिप मी वापरते ते एका ठराविक कामासाठी, नखं घासायच्या खांबावर चोळते. सोफा सोडून त्या खांबावर जायला लावायचं असेल ना तर याच्यासारखा उपाय नाही. खांब सोफ्याच्या अगदी शेजारी उभा करायचा, सुतळी घट्ट गुंडाळलेला लाकडी तुकडा असला तरी चालतो, त्यावर चिमूटभर बोटांनी चुरडून चोळायचं, चुरडल्यावरच वास नीट सुटतो. मांजर तिथे येतं, घासतं, नखं मारतं, आणि मग ती जागा त्याची होते. नवीन पिंजऱ्याची सवय करायलाही उपयोग होतो, आत थोडं टाकून दार उघडं ठेवायचं, नाहीतर डॉक्टरकडे जायच्या दिवशीच पिंजरा माळ्यावरून निघतो आणि मांजर तो बघूनच पळतं.

पण सोनचाफा, दोन मांजरं आहेत म्हणून एक नक्की सांगते. पहिल्यांदा देताना दोघांना वेगवेगळ्या खोलीत द्या. काही बोके त्या दहा मिनिटांत गुरगुरतात, खेळणं माझंच म्हणून दुसऱ्याला पंजा मारतात, आणि तुमची चिंगी घाबरट आहे, तिला गोट्याने एकदा दाबलं तर ती भीती कॅटनिप संपल्यावरही राहते. गोट्या कसा वागतो ते बघा, मग ठरवा. दुसरं म्हणजे गॅलरीला जाळी नसेल तर गॅलरीचं दार बंद करूनच द्या, तिसऱ्या चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजरं आम्ही दर उन्हाळ्यात उचलतो, आणि लोळत लोळत कठड्यावर गेलेल्या मांजराचं लक्ष नसतं. टाके असतील तेव्हा तर देऊच नका.

दिवाळीसाठी मात्र कॅटनिप नको. मनापासून सांगते. बहुतेक मांजरं हुंगल्यावर आधी उत्तेजित होतात, खाल्लं तर काही सुस्तावतात, कुठलं मांजर काय करेल ते आधी सांगता येत नाही. आणि घाबरलेलं मांजर तर बरेचदा तिकडे बघतसुद्धा नाही. चिंगी दिवाळीत जेवण सोडते हे मला जास्त काळजीचं वाटलं, मांजराने दोनतीन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हरवर येऊ शकतं, अंगाने भरलेली असेल तर जास्तच. तिला आतल्या खोलीत, खिडकी पडदे बंद करून, कपाटाच्या खालच्या खणात जुनी गोधडी घालून जागा करा, पण आत्तापासून करा, तिथेच रोज खाऊ द्या म्हणजे फटाके सुरू व्हायच्या आत ती जागा तिची झालेली असेल. पलंगाखालून ओढून काढू नका. आणि महिनाभर आधी व्हेटना भेटा, फार घाबरणाऱ्या मांजरांना ते वजन बघून औषध देतात, ते मनाने देऊ नका, माणसांचं तर नाहीच नाही.

टेकडीवाला
सगळे अमेरिकेच्या डबीबद्दल बोलतायत म्हणून आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. खोकली नावाचं तण माहितीये का, अकॅलिफा इंडिका, काही जण कुप्पी म्हणतात. पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला, कुंड्यांमध्ये, रस्त्याच्या बाजूला कुठेही उगवतं, गुडघाभर उंच, कडेला दातेरी पानं आणि कपासारख्या हिरव्या छोट्या पानांच्या आत बारीक फुलं. त्याच्या मुळाला मांजरं वेडी होतात. झाड उपटलं की कुठून तरी मांजर येतं आणि ते मूळ चावत, त्यावर गाल घासत बसतं, अगदी कॅटनिपसारखंच. त्या मुळातही नेपेटालॅक्टोनच्या नात्यातलंच द्रव्य सापडलंय. तेव्हा काका, वाड्यातल्या मांजरांना डबी नव्हती पण परसात खोकली नक्की असणार.

याचा अर्थ उद्या रस्त्यावरून उपटून आणून घाला असा मात्र नाही. तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं, कुत्र्यांनी घाण केलेली असते, आणि या झाडात सायनाइड सोडू शकणारं द्रव्यही असतं, त्यामुळे घरी मुद्दाम खायला देण्याची ही गोष्ट नाही. आपल्या कुंडीत उगवलं आणि मांजराने मुळाला गाल घासला तर दचकू नका एवढंच.

घरी कॅटनिप लावायचं असेल तर बी मिळतं. पुण्यात दसऱ्यानंतर पेरा, थंडीत छान येतं, पाणी साचू देऊ नका, मुळं लगेच कुजतात, एप्रिल मेमधलं दुपारचं ऊन लागू देऊ नका. रोप लहान असताना मांजरापासून उंच टांगा, नाहीतर ते त्यावर बसून सपाट करतं. पानं सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, वास उडाला की उपयोग संपला.

आणि बरेच जण कॅटनिप आणि कॅट ग्रास यात गोंधळतात. कॅट ग्रास म्हणजे नुसतं गवत, मांजरं ते चावतात. त्यासाठी विकत काही आणूच नका, घटाला पेरतो तसे गहू एका पसरट कुंडीत पेरा, आठवड्यात तयार. नशेबिशेचा संबंधच नाही, सासूबाईंना हे स्वतः पेरायलाही आवडेल.

मनीची_आई
झाडांवरून आठवलं म्हणून मध्येच लिहिते. कॅटनिपची एवढी चौकशी करणारे लोक वाढदिवसाच्या बुकेमधली लिली टेबलावर तशीच ठेवतात. खऱ्या लिलीचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करतं, आणि लक्षणं दिसेपर्यंत वेळ हातातून गेलेली असते. मांजर असलेल्या घरात लिली आणूच नका, कुणी आणली तर दारातूनच परत द्या. मांजराने चाटलीये असा नुसता संशय आला तरी रात्र असली तरी लगेच डॉक्टर गाठा.

सोनचाफा_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. खोकली त्यांना लगेच ओळखू आली, त्यांच्या माहेरी खोकल्यावर काढा करायचे म्हणे, आणि मांजर त्या मुळाला झोंबतं हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. आता त्या म्हणतात की दे पण माझ्यासमोर दे. दिवाळीसाठी कॅटनिपचा विचार सोडला, चिंगीसाठी या शनिवारी व्हेटची अपॉइंटमेंट घेतलीये.

एकच विचारायचं राहिलं. ते कापडी उंदीर शिवणीतून उसवलेले वाटतायत, आत काय भरलंय दिसतंय, तसेच दिले तर चालतील का? आणि आमच्या इथे डास फार झालेत, डेंग्यूच्या केसेस आहेत, तर त्या डासांच्या गोष्टीचा मांजरांसाठी काही उपयोग करता येईल का?

व्हेटरनरी_फायनल_इयर
उसवलेले देऊ नका, आत कापूस किंवा धागा असतो, मांजर धागा गिळतं आणि तो आतड्यात अडकला की बरेचदा ऑपरेशनच करावं लागतं. जुन्या सुती मोज्यात चिमूटभर कॅटनिप आणि कापडाची चिंधी भरून गाठ मारा, शेपटी, डोळे, लोकर काही लावू नका, आणि खेळून झालं की उचलून ठेवा.

डासांसाठी कॅटनिपवर विसंबू नका, परिणाम थोडा वेळच राहतो आणि स्प्रे किंवा तेल मांजरावर मारायचं नाही हे वर सांगितलंच आहे. खिडक्यांना जाळ्या, कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी दर आठवड्याला ओतून घासणं, त्याने मांजरांचं आणि तुमचंही काम होईल. शनिवारी जाल तेव्हा चिंगीचं वजन लिहून आणा आणि तिचं दिवाळीतलं जेवण किती दिवस बंद असतं ते डॉक्टरांना नक्की सांगा.