मदत हवी आहे: रोमान्स ऑडिओबुक ऐकताना काहीच वाटत नाही, दोष पुस्तकाचा, आवाजाचा की सेटिंगचा?

खिडकीची_सीट

मंडळी, एका सबस्क्रिप्शन ॲपवर आजच्या काळातली मराठी प्रेमकथा लावली आहे. एकूण ९ तास ४० मिनिटं, एक निवेदक आणि एक निवेदिका. नायिका आर्किटेक्ट, नायक कोल्हापूरचा, आधी जुंपते मग जुळतं असा मामला. छापील पुस्तक वाचलेल्या सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलंय. ऐकताना मात्र ढिम्म काही वाटत नाही.

ऐकणं राजारामपुरी ते कागल एमआयडीसी, कंपनीच्या बसमध्ये. वेग १.५ पट, 'शांतता वगळा' चालू, इअरबड्स साधे (कानाच्या तोंडाशी टेकणारे), फाइल डाउनलोड न करता थेट डेटावर.

तक्रारी अशा:
१. दोघांची शाब्दिक चकमक बातम्या वाचल्यासारखी वाटते.
२. नायक हळू बोलला की ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की निवेदिका कानात टोचते.
३. नायिकेचा आवाज प्रकरणागणिक बदलतो. तिच्या प्रकरणात ती बोलते, त्याच्या प्रकरणात तिचे संवाद निवेदकच बाईचा आवाज काढून म्हणतो.
४. निम्म्यावर येऊन कथा जागची हलत नाही.
५. नायकाचं कोल्हापुरी ऐकवत नाही.

आता ५२ टक्क्यांवर आहे. पुढं रेटू की सोडू?

कानसेन_शाहूपुरी

ताई, सगळ्यात आधी 'शांतता वगळा' बंद करा. ते बातम्या आणि मुलाखतींसाठी ठीक आहे. ते चालू असलं की ॲप ठरावीक पातळीखालची जागा शोधून कापतं. प्रेमकथेत नेमकी तीच जागा कामाची असते. तिनं टोमणा मारला, तो गप्प राहिला, मग "बरं" म्हणाला. मधलं गप्प राहणं कापलं की तो लगेच "बरं" म्हणतो आणि राग, शरम, हसू काहीच उरत नाही. त्यावर १.५ पट वेग म्हणजे उरलेल्या जागाही आक्रसल्या. तुमची पहिली तक्रार बहुतेक इथंच मिटेल.

वेगाचा हिशोब: ९ तास ४० मिनिटांचं पुस्तक १.५ पटीनं साधारण ६ तास २७ मिनिटांत होतं, १.२५ पटीनं ७ तास ४४ मिनिटांत. म्हणजे सव्वा तास जास्त. संवादाच्या पुस्तकाला मी १.१ ते १.२५ च्या वर जाऊ नका म्हणेन. नुसती वर्णनं असतील तिथं खुशाल वाढवा. वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही, कारण ॲप पट्टी तीच ठेवून आवाजाची नुसती लांबी कमी करतं. पण वेग जास्त झाला की 'स', 'श', 'च' खरखरायला लागतात. निवेदिका टोचते त्यात याचाही वाटा आहे.

आता दुसरी तक्रार. बसच्या डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते आणि पुरुषाचा हळू आवाजही तिथंच. साधे बड्स ती घरघर अडवत नाहीत. रेकॉर्डिंगची पातळी साधारण ठरलेली असते. ऑडिबलसाठी निर्मात्यांकडून फायली घेणाऱ्या एसीएक्सचा निकष सरासरी -२३ ते -१८ डेसिबल, शिखर -३ च्या वर नको, असा आहे. पण ती सरासरी अख्ख्या फाइलची. कुजबूज तिच्या बरीच खाली असू शकते आणि नेमकी तीच इंजिनाखाली गडप होते.

उपाय: रबरी टोपीचे, कानात घट्ट बसणारे बड्स घ्या. टोप्या तीन मापांच्या येतात, नुसत्या मधल्यावर भागवू नका, दोन्ही कानांना वेगळं मापही लागू शकतं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला की माप बरोबर. मग इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करायचं सेटिंग) १५० हर्ट्झच्या खालचं कमी करा, २ ते ४ किलोहर्ट्झ ३ डेसिबलनं वाढवा, आणि ६ ते ८ किलोहर्ट्झ २ डेसिबलनं उतरवा म्हणजे टोचणं थांबेल. बास बूस्ट असेल तर बंद. गाण्यासाठी ठेवलेलं सेटिंग बोलण्याला घात करतं.

आणि घरच्या वायफायवर डाउनलोड करून घ्या. ६४ केबीपीएसला एवढं पुस्तक २८० एमबीच्या आत बसतं. हायवेवर टॉवर बदलताना ऐन भांडणात चाक फिरत बसणार नाही.

दुहेरी_निवेदन

तिसरी तक्रार सेटिंगनं जाणार नाही, ती निर्मितीची पद्धत आहे. दोन निवेदकांची पुस्तकं दोन तऱ्हेनं होतात. 'ड्युअल'मध्ये प्रकरणं वाटून घेतात: ज्याचं प्रकरण, त्यात सगळी पात्रं त्याच्याच तोंडी. 'ड्युएट'मध्ये नायिकेचं प्रत्येक वाक्य कुठल्याही प्रकरणात निवेदिकाच म्हणते. ड्युएट ऐकायला गोड, पण प्रत्येक संवाद तुकड्या-तुकड्यानं जोडावा लागतो, संपादनाचा वेळ आणि खर्च वाढतो. म्हणून बहुतेक ठिकाणी ड्युअल. तुमचं ड्युअल आहे. चांगला निवेदक बाईचा आवाज काढत नाही, नुसती पट्टी किंचित मऊ करतो आणि लय बदलतो. तुमचा बारीक आवाज काढत असेल तर तो त्याचा कच्चेपणा.

भवानी_मंडप

५ नंबरला माझा पाठिंबा! प्रत्येक वाक्यात 'लई' आणि 'मर्दा' कोंबलं की झालं कोल्हापुरी, असं वाटतंय ह्यास्नी. बिंदू चौकात पाच मिनिटं उभा राहिला असता तर कळलं असतं. हेल वाक्याच्या शेवटाला असतो, सुरुवातीला नव्हं. 'करालोय', 'जेवालोय' पटकन म्हणायचं असतंय, हा गडी सावकाश फोडून म्हणत असणार. आणि आमच्या पोरी "मी जातो", "मी आलो" म्हणतात, ती गोष्ट लेखकाला माहीत असते, निवेदकाला चूक वाटते आणि तो दुरुस्त करून वाचतो. असलं झालंय का बघा.

खिडकीची_सीट

@भवानी_मंडप, अगदी तसंच! नायकाची बहीण एका प्रकरणात "मी येतो" म्हणते, दुसऱ्यात "मी येते". आता कळलं.

@कानसेन, 'शांतता वगळा' बंद केलं, वेग १.२५. भांडणं खरंच जिवंत झाली. चौथ्या तक्रारीचं काय?

पान_उलटा

ती लेखनाची असू शकते. तपासायची रीत सांगतो. या प्रकारच्या कथांचे टप्पे बऱ्यापैकी ठरलेले असतात: पहिल्या १० ते १२ टक्क्यांत दोघं समोरासमोर, निम्म्याच्या आसपास जवळीक, ७५ ते ८० टक्क्यांवर मोठी ताटातूट, मग समेट. तुमच्या पुस्तकात ताटातूट साधारण ७ तास १५ मिनिटं ते ७ तास ४५ मिनिटं इथं सापडेल. निम्म्यापासून तिथपर्यंतचे अडीच तास हा सगळ्यांचाच अवघड घाट. जवळीक झालेली, भांडण अजून लांब. चांगला लेखक तिथं नोकरी, घर, पैसा असं बाहेरचं काहीतरी आणून दोघांना कामाला लावतो. कच्चा लेखक त्यांना कॉफी पाजत बसतो.

सरळ ७ तास १५ ला उडी मारा आणि तिथून अर्धा तास ऐका. ताटातूट दोघांच्या स्वभावातून आली असेल, म्हणजे पहिल्या तासात दिसलेली भीतीच तिथं आडवी येत असेल, तर मागं येऊन मधलं ऐका, फळ मिळेल. एका फोननं मिटणारा गैरसमज असेल तर शेवटचं प्रकरण ऐकून मोकळे व्हा.

आणि छापील प्रतीशी ताडून पाहायचं असेल तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. १८५० सालचं ग्रंथालय आहे, पण नवी पुस्तकंही घेतात. एकच प्रकरण वाचा, मग तेच ऐका. वाचताना हसू आलं आणि ऐकताना नाही, तर निवेदन पडलं. दोन्हीकडे नाही, तर लेखक.

खिडकीची_सीट

उडी मारली. ती त्याला दुसऱ्या मुलीबरोबर रंकाळ्यावर बघते. ती मुलगी त्याची मावसबहीण.

पान_उलटा

सोडा.

कानसेन_शाहूपुरी

सोडताना एक करा. नुसतं अर्धवट ठेवू नका, 'ऐकत आहे' मधून काढून टाका, नाहीतर शिफारशीत हेच येत राहील. सबस्क्रिप्शनमध्ये परत करण्यासारखं काही नसतं. क्रेडिट (पैशांऐवजी ॲपमध्ये वापरायचं टोकन) देऊन घेतलेलं असतं तर खरेदीच्या इतिहासात परतीचा पर्याय आहे का ते लगेच पाहा म्हटलं असतं.

पुढचं निवडताना नमुना ऐका, पण १ पट वेगानं, आणि त्यात दोघांचा संवाद येईपर्यंत थांबा. नुसत्या वर्णनावर निवेदक कळत नाही. आवाज यंत्राचा आहे का ही शंका आली तर 'च', 'ज', 'झ'कडे कान द्या. 'जगात'मधला ज आणि 'जगायचं'मधला ज लिहायला एकच, म्हणायला वेगळे. यंत्र तिथं बरेचदा घसरतं. परीक्षणं वाचताना कथेची आणि निवेदनाची मतं वेगळी काढा. "आवाज छान" एवढंच लिहिलेलं असेल तर कथेबद्दल बोलण्यासारखं काही नसणार.

दुहेरी_निवेदन

आणि वर्णनात 'ड्युएट' लिहिलंय का बघा. नसेल तर ड्युअलच धरून चाला.