टस्क: रूमर्सनंतरचा शहाणपणा की दहा लाख डॉलरचा हट्ट?

नव्वदची_कॅसेट
मंडळी, परवा रविवारी आमच्याकडे इंदूरच्या तिलक नगरला पोहे-जिलबीला चार टाळकी जमली होती, मुलीने फोनवर फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचा रूमर्स अल्बम लावला आणि मी आपलं सहज बोलून गेलो की यांचा खरा अल्बम हा नाहीच, खरा तो टस्क. झालं. जिलबी गार झाली पण माणसं काही गार होईनात. म्हणून इथे टाकतोय, करा माझी धुलाई.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रूमर्स आला फेब्रुवारी १९७७ मध्ये. बँडमधे पाच जण आणि पाचांचेही संसार मोडत होते, जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचा घटस्फोट, गिटारवाला लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स या जोडीचं फाटलेलं, मिक फ्लीटवुडच्या घरी वेगळीच आग. तरी एकमेकांवर गाणी लिहायची आणि ज्याच्यावर लिहिलं त्यालाच साथीला बसवायचं! त्यातून जे निघालं ते अमेरिकेत ३१ आठवडे एक नंबरवर, ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर, आजवर ४ कोटींच्या वर प्रती. आता असा अल्बम विकला गेल्यावर कंपनी काय म्हणणार, असाच अजून एक काढा. आणि बकिंगहॅम म्हणाला, नाही काढणार. त्याच्या कानात तेव्हा पंक आणि न्यू वेव्ह हे तेव्हाचं नवं, खडबडीत रॉक, द क्लॅश, टॉकिंग हेड्स वगैरे बँड घुमत होते. ऑक्टोबर १९७९ मध्ये आला टस्क, डबल अल्बम, २० गाणी. खर्च १० लाख डॉलरच्या वर, तोवरचा रॉकमधला सगळ्यात महाग अल्बम म्हणायचे त्याला. विकला गेला ४० लाखांच्या आसपास आणि लोकांनी त्याला पडेल ठरवून टाकला. चाळीस लाख खपून पडेल!

माझी टस्कशी ओळख कॅसेटवर झाली. ८० च्या दशकात रामबागेतल्या एका मित्राच्या काकांकडे एलपी (मोठी तबकडी) होती, त्यावरून ९० मिनिटांची कॅसेट भरून घेतली. अल्बम साधारण ७४ मिनिटांचा, मग उरलेल्या जागेत आमच्या वडिलांनी नाट्यगीतं भरली (रिकामी टेप म्हणजे त्यांच्या लेखी उघडा नळ). त्यामुळे माझा टस्क अजूनही नाट्यगीतावर संपतो. असो. पहिलं गाणं क्रिस्टीनचं, शांत, मवाळ, तुम्ही उशीला टेकून बसता, आणि दुसरं सुरू झालं की कोणीतरी स्वयंपाकघरात भांडी आपटतंय असं वाटतं. मी कॅसेट काढून टेपरेकॉर्डरचं हेड साफ केलं होतं, देवाशप्पथ. मला वाटलं भरताना बिघडली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं की मुद्दाम केलंय.

माझं म्हणणं एवढंच की जगात सगळ्यात जास्त खपणारी गोष्ट हातात असताना तिची झेरॉक्स काढायला नकार देणं, याला जिगर लागते.

अर्धी_प्लेट_पोहे
जिगर नाही भिया, माज. आपल्या सराफ्यात थंडीत गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) ठेल्यावर रांग लागते, आता त्या माणसाने पुढच्या वर्षी म्हटलं की मी गराडू तळून कंटाळलो, यंदा मला आतून वाटतंय ते देणार आणि दाम दुप्पट, तर तुम्ही त्याला कलाकार म्हणाल का? डबल एलपी अमेरिकेत १६ डॉलरला पडत होती तेव्हा. ज्याने रूमर्स ऐकून डोळे झाकून पैसे मोजले त्याने काय पाप केलं होतं.

नव्वदची_कॅसेट
अरे पण त्या ठेल्यावर गराडू होते की! २० पैकी ६ गाणी क्रिस्टीनची, ५ स्टीव्हीची. सारा हे गाणं अमेरिकेत ७ नंबरपर्यंत गेलं, शीर्षकगीत ८ नंबरपर्यंत, इंग्लंडमधे तर अल्बम चक्क एक नंबरवर होता. बकिंगहॅमची ९. आवडत नाहीत तर ती ढकल पुढे.

अर्धी_प्लेट_पोहे
कॅसेटवर ढकलून दाखवा काका, पेन्सिल घालून 😄

ढोल_ते_ड्रम
मी वाजवणारा माणूस आहे म्हणून माझा मुद्दा वेगळा. मला तो महाग होता का स्वस्त याचं काही देणंघेणं नाही. मला हे खुपतं की बकिंगहॅमने त्यातली बरीच गाणी घरी बसून जवळपास एकट्याने केली, रेकॉर्डिंगचं मशीन घरी नेलं, बाथरूममधे गायला, टिश्यूच्या खोक्यावर ताल धरला. आणि बँडमधे ड्रमवर कोण, तर मिक फ्लीटवुड! ज्याच्या आडनावावर बँड उभा आहे! तुमच्याकडे तो माणूस आहे, जॉन मॅकव्हीसारखा बेस वाजवणारा आहे, आणि तुम्ही खोका बडवताय.

रूमर्समधे उलट होतं. तिथेही बकिंगहॅमने एका गाण्यात खुर्चीची सीट बडवून ताल दिलाय, पण ती खुर्ची बँडच्या मधे ठेवलेली होती, हा फरक आहे. आणि द चेन ऐका, ते गाणं म्हणजे गोधडी आहे, वेगवेगळ्या वेळी केलेले तुकडे टेप कापून जोडलेत, श्रेय पाचही जणांच्या नावावर, आणि शेवटी सगळं थांबून नुसता बेस येतो तेव्हा अंगावर काटा येतो. पाच जण एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत आणि गाणं मात्र पाचांचं. टस्कमधे मला तीन सोलो अल्बम एका पाकिटात घातलेले दिसतात.

हे मी जरा मनाला लावून बोलतोय, कारण आमच्या बँडमधे हेच चाललंय सध्या. चार जण आहोत, गणपतीत आणि कॉलेजांत वाजवतो. आमचे गिटारसाहेब लॉकडाउनपासून घरीच सगळं रेकॉर्ड करतात आणि ड्रमचा लूपही (मशीनवर तोच ताल फिरत राहतो तो) स्वतःच लावून पाठवतात, वर "कसं वाटलं सांग". अरे मला सांगून काय करू, मला वाजवायचं होतं.

बेसुरी_ताई
दादा तुमचं दुःख समजलं पण इतिहास थोडा सरळ करते. मिक फ्लीटवुड बिचारा नव्हता त्यात. बँडचा कारभार तोच बघत होता तेव्हा आणि बकिंगहॅमला वेगळं करायची मोकळीक त्यानेच दिली. आणि टस्क हे गाणं तर फ्लीटवुडच्या ड्रमच्या आवर्तनावरच उभं आहे, त्याच्याच डोक्यातून निघालं की यात युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा मार्चिंग बँड घ्यायचा. शंभरावर पोरं, लॉस एंजेलिसच्या रिकाम्या डॉजर स्टेडियममधे उभी करून रेकॉर्ड केलं. जॉन मॅकव्ही तेव्हा सुट्टीवर होता म्हणून त्याचा पुठ्ठ्याचा कटआउट घेऊन फिरले व्हिडिओत! बेसवाल्याचा पुठ्ठा, म्हणजे मी पण बेस वाजवते म्हणून मला याचं विशेष हसू येतं, निम्म्या कार्यक्रमांत आम्हाला पुठ्ठाच समजतात लोक.

दुसरं, खर्च. १० लाख डॉलर खोक्यावर नाही गेले हो. त्यांच्यासाठी स्टुडिओत नवीन खोली तयार केली, व्हिलेज रेकॉर्डरचा स्टुडिओ डी, तिथे महिनोन्महिने बसले, आणि इतकं करून तो स्टुडिओ त्यांच्या मालकीचा नव्हता. म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर लावला. याला म्हणा काय म्हणायचं ते, पण त्याचा दोष बाथरूममधे गाणाऱ्याला का? घरी रेकॉर्डिंग तर स्वस्तात पडतं.

शंकासूर_४५२
न खपण्याचं कारण संगीत नव्हतंच असं पण एक मत आहे ना? अमेरिकेत एका रेडिओ साखळीने अख्खा अल्बम बाजारात यायच्या आधी सलग वाजवला, लोकांनी घरी टेपवर उतरवून घेतला, फ्लीटवुड स्वतः त्यालाच दोष देत होता. म्हणजे @नव्वदची_कॅसेट काका, ज्या कॅसेटवर तुम्ही प्रेम करताय तसल्याच कॅसेटींनी टस्क मारला 😂

नव्वदची_कॅसेट
गुन्हा कबूल. पण इंदूरात तेव्हा दुसरा मार्गच नव्हता रे, इंग्रजी एलपी मुंबईहून कोणी आणली तर अख्खी गल्ली त्यावर जगायची. आणि गंमत म्हणजे माझ्या भरलेल्या कॅसेटवर सारा पूर्ण होतं, सव्वासहा मिनिटांच्या वर. पुढे पहिली सीडी आली त्यात मावेना म्हणून तेच गाणं कापून साडेचार-पावणेपाच मिनिटांचं टाकलं होतं. पैसे देऊन घेणाऱ्याला अर्धवट, फुकट्याला पूर्ण.

रामबागकर
एवढं लांब जायची गरज नाही. देवास इथून ४० किलोमीटर पण नाही. कुमारजी, म्हणजे आपले गवई कुमार गंधर्व, १९४८ ला तिथे आले ते क्षयाने आजारी, डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं, पाच-सहा वर्षं अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची, भिकाऱ्यांची गाणी कानात साठवली. लहानपणापासून नाव झालेला माणूस, लोक जुन्या कुमारची वाट बघत होते, आणि तो उठला तो वेगळंच गाणं घेऊन उठला. लोकधुनांतून राग काढले. तेव्हाही कर्मठ मंडळींनी नाकं मुरडलीच. कलाकाराला मागचंच परत दे म्हणणारे सगळीकडे सारखे.

अर्धी_प्लेट_पोहे
कुमारजींना मधे आणलं की समोरच्याने गप्प बसायचं हा इंदूरच्या मराठी लोकांचा जुना डाव आहे. घरात मिक्सर बिघडला तरी कुमारजी काढतात. त्यांनी दोन तंबोरे लावले आणि गायले, कंपनीचं दिवाळं नाही काढलं.

ढोल_ते_ड्रम
+१. आणि कुमारजींनी तबलजीला घरी पाठवून खोका नाही बडवला.

रामबागकर
दिवाळं कोणाचंच निघालं नाही, ४० लाख खपला म्हणून वर लिहिलंय. वाचून बोला.

बेसुरी_ताई
कुमारजींचं उदाहरण मला पण अर्धंच पटलं. कारण एकटा गवई बदलतो तेव्हा तो स्वतःचंच पणाला लावतो. इथे एक बदलला आणि उरलेल्या चौघांचंही त्याच्याबरोबर पणाला लागलं. स्टीव्हीची गाणी त्या अल्बममधे आधीच्याच वळणाची आहेत, क्रिस्टीनची पण. मला तरी ऐकताना असं वाटतं की एका घरात तीन चुली आहेत आणि तरी वास छान येतोय.

नव्वदची_कॅसेट
हे मान्य. पण ताई, त्या चुली रूमर्समधेच वेगळ्या झाल्या होत्या की! फक्त तिथे गॉसिपला चाल लावून एका ताटात वाढलं. नावच रूमर्स ठेवलं जॉन मॅकव्हीने, कारण सगळे एकमेकांबद्दलच लिहीत होते. आणि चकचकीतपणाचं म्हणाल तर इतके थर चढवले, इतक्या वेळा टेप मशीनमधून फिरवली की टेप झिजली, ड्रमचा आवाज बसायला लागला, मग सुरुवातीच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून ते ट्रॅक परत आणून जुळवावे लागले. म्हणजे @ढोल_ते_ड्रम, ज्या अल्बममधे ड्रमचा मान राखला म्हणतोस तिथेच घासून घासून ड्रम पुसून टाकला होता.

ढोल_ते_ड्रम
पुसला गेला आणि लोकांनी तो परत आणला काका! कोणीतरी बसून दोन टेप हाताने जुळवल्या त्या ड्रमसाठी. माझाच मुद्दा झाला हा.

नव्वदची_कॅसेट
हं. हा बरोबर बसला. देतो तुला.

शंकासूर_४५२
मधेच एक. पुढचा अल्बम मिराज, १९८२, परत गोडगोड केला आणि परत अमेरिकेत एक नंबरवर गेला. म्हणजे बँडने स्वतःच ठरवलं ना की टस्क चूक होती?

बेसुरी_ताई
बँडने ठरवलं की बिलं भरायची आहेत. आज मिराजवर धागा कोणी काढलाय का?

अर्धी_प्लेट_पोहे
आज टस्कवर पण साठीच्या काकांनीच काढलाय. माझी १४ वर्षांची भाची रूमर्स ओळखते, २०२० मधे तो स्केटबोर्डवरून ज्यूस पीत जाणारा माणूस आला होता ना व्हिडिओत, तिथून. ४३ वर्षं जुना अल्बम त्या एका व्हिडिओने अमेरिकेत परत पहिल्या दहात नेला. टस्कवर कोणी स्केटबोर्ड चालवून दाखवा, पडेल तोंडावर.

बेसुरी_ताई
🤣 हे मात्र खरं.

ताल_चुकला
नमस्कार. मी वर उल्लेख झालेले "गिटारसाहेब". कोणीतरी लिंक पाठवली.

एक, टस्कच्या बाजूने आहे, उघडच आहे. दोन, लूप मी यासाठी लावला की तू दोन महिने रात्रपाळीत होतास आणि मला गाणं सुचलेलं थांबवता येत नव्हतं. रात्री अडीचला पलासियावरून तुला ड्रम उचलून आणायला सांगणार होतो का? बकिंगहॅमचं मला माहीत नाही, माझ्याकडे टिश्यूचा खोका होता म्हणून तो वाजवला, ड्रमर नको म्हणून नव्हे.

तीन, तिसऱ्या गाण्यातला लूप मला पण खटकतोय.

ढोल_ते_ड्रम
तिसऱ्यात नाही, चौथ्यात खटकतोय. तिसऱ्यातला चांगलाय, तेच तर डोकं फिरवतंय.

ताल_चुकला
रविवारी ये मग. चौथं परत वाजवू. तिसऱ्यात लूप राहील.

ढोल_ते_ड्रम
लूप राहील पण वर मी पण वाजवणार.

नव्वदची_कॅसेट
पोहे आमच्याकडून. कोणी येताना उसळ आणा, आणि ९० ची कोरी कॅसेट कोणाकडे पडली असेल तर सांगा, माझ्यावाली परवा नाट्यगीताच्या जागी अडकली.