अनुभव धागा: घरात टीबीचा पेशंट आणि तान्हं बाळ

रामबागकर:
काल इथेच इंदूरला एका ओळखीच्या घरी बाळंतिणीची खोली पाहिली आणि जुनं सगळं वर आलं. खिडक्या गच्च बंद, शेगडीवर ओवा-शेपाची धुरी, आणि दाराशीच आजोबा खोकत बसलेले. त्यांची टीबीची औषधं नुकतीच सुरू झालीत. त्यांचं ताट-वाटी-भांडं मात्र वेगळं ठेवलेलं! म्हणजे जिथे भीती नाही तिथे पहारा, आणि जिथे आहे तिथे दार उघडं.

टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, पाण्यातून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी खोकल्याच्या, शिंकेच्या बारीक तुषारांतून हवेत जातो आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतो. भांडी नेहमीसारखी घासली की झालं. सगळं लक्ष हवेवर द्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात, रोशनदान असेल तर त्यावरचा पुठ्ठा काढा. बाळाला गार लागेल म्हणून खिडकी लावू नका, त्यापेक्षा कुंची घाला, पायमोजे घाला, दुपट्यावर शाल घ्या, आईच्या अंगाशी ठेवा. पाळणा फक्त झोताच्या सरळ रेषेत नको. धुरीने हवेतले जंतू मरत नाहीत, बाळाची छाती मात्र भरते.

ज्यांनी हे निभावलंय किंवा ज्यांचं कामच हे आहे त्यांनी लिहा. कोणाला काय झालं ते नको, काय करायचं ते हवं.

सिस्टरताई:
पंखा. छताचा पंखा खोलीतली हवा नुसती घुसळतो, बाहेर काढत नाही. टेबल फॅन बाळाच्या आणि आईच्या मागच्या बाजूने लावायचा, म्हणजे वारा बाळाकडून पेशंटकडे आणि पेशंटकडून खिडकीबाहेर जाईल. उलटा लावलात तर पेशंटचा खोकला थेट पाळण्यात. पेशंटच्या खोलीला एक्झॉस्ट बसवता आला तर फारच छान. तेव्हा दाराखाली बोटभर फट ठेवा, नाहीतर तो हवा ओढणार कुठून?

उदबत्ती लावून दारात धरा. धूर कुठे जातोय तो नीट बघा. पेशंटच्या खोलीतून घरात येत असेल तर पंख्याची जागा बदला. दुपारी आणि रात्री वेगवेगळं दिसतं, दोन्ही वेळा बघा.

गुळपोळी:
कूलर चालेल का? मे महिन्यात इथे कूलरशिवाय बाळंतीण कशी राहणार

सिस्टरताई:
@गुळपोळी खिडकीत बाहेरून बसवलेला कूलर उत्तम, तो बाहेरची हवा आत ढकलतो. फक्त समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो. स्प्लिट एसीही तेच करतो, म्हणून पेशंट आणि बाळ एका एसीत अजिबात नको.

स्नेहलतागंज_मेडिकल:
मास्कबद्दल, कारण दुकानात रोज विचारतात. पेशंटला साधा तीन पदरी सर्जिकल पुरतो, त्याने तुषार बाहेर पडणं अडतं. ओला झाला की बदला. पेशंटची सेवा करणाऱ्याला एन-९५, कारण त्याला आत येणारी हवा गाळायचीय. नाकावरची पट्टी दाबून बसवा, दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, कडेने हवा लागली तर तो बसलेलाच नाही. दाढी असेल तर बसत नाही. एन-९५ धुवायचा नाही, कागदाच्या पिशवीत ठेवायचा. आणि बाळाला मास्क कधीही नाही!! दोन वर्षांखालच्या मुलांना गुदमरायची भीती असते.

वापरलेला मास्क कचरा गाडीच्या सॅनिटरीवाल्या डब्यात, कागदात गुंडाळून. सुक्या कचऱ्यात टाकू नका, गाडीवरची माणसं तो हाताने वेगळा करतात.

पोहेजिलेबी:
मी एएनएम, म्हणजे सरकारी केंद्रातली नर्स, आहे. बाळाचं सांगते.

घरात फुप्फुसाचा टीबी निघाला की बाळाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं, बीसीजी (टीबीची लस) द्यायच्या आधी. बीसीजी केव्हा आणि प्रतिबंधक औषध केव्हा, हा क्रम ते ठरवतात. आधी बाळाला टीबी नाही ना हे तपासतात. नसेल तर आयसोनियाझिड रोज, दर किलोला १० मिलिग्रॅम, सहा महिने. बाळाचं वजन भराभर वाढतं, म्हणून दर महिन्याला वजन करून डोस पुन्हा लिहून घ्यायचा. बहुतेक घरांत इथेच चुकतं, तीन किलोचा डोस सहा किलोच्या बाळाला चालू असतो. गोळी पाण्यात विरघळवून बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडी थोडी सोडा. दुधाच्या बाटलीत घालू नका, बाळाने अर्धं दूध टाकलं तर औषध किती गेलं कळत नाही. सोबत बी-६ जीवनसत्त्व डॉक्टर लिहितात, ते टाळू नका.

आणि पेशंटच्या रिपोर्टचा फोटो सोबत न्या. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या बेडक्याच्या तपासण्यांमध्ये रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही ते येतं. आयसोनियाझिडचं एलपीए तपासणीत कळतं. मोठ्याचा जंतू औषधाला जुमानत नसेल तर बाळाला तेच औषध देऊन उपयोग नाही.

बीसीजीने टीबी होतच नाही असं नाही. मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती लहान मुलांना बऱ्यापैकी वाचवते. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, सुकतो. त्यावर हळद नाही, तेल नाही, काही नाही.

मालवणी_माहेर:
आईलाच टीबी असेल तर अंगावर पाजायचं का? आमच्याकडे सासूबाई नाही म्हणतात

पोहेजिलेबी:
पाजायचं, मास्क लावून! दुधातून टीबी जात नाही. नेहमीच्या गोळ्या चालू असतानाही पाजता येतं. सासूबाईंना घेऊन या, मी समजावते. बाळंतिणीचं मन आधीच हळवं असतं, त्यात बाळ काढून घेतलं तर दूधही आटतं आणि गोळ्याही सुटतात.

स्नेहलतागंज_मेडिकल:
गोळ्यांवरून. चार औषधांची एकच गोळी असते, वजनावर संख्या. ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ किलोला ४. रोज, सकाळी रिकाम्या पोटी. दोन महिने ही, पुढचे चार महिने तीन औषधांची. लघवी केशरी होते, ती रिफाम्पिसिनमुळे, रक्त नाही. घाबरून लोक गोळ्याच बंद करतात. डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या, लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर त्याच दिवशी दवाखाना. अजून एक, जे कोणी सांगत नाही: रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नाही. दुसरा उपाय विचारून घ्या.

गुळपोळी:
रिकाम्या पोटी म्हणजे डिंकाचा लाडू नंतर 🙂 आणि आमच्याकडे लाडूला खारीक कुटून घालतात, तुमच्याकडे?

मालवणी_माहेर:
खारीक हवीच. अळीवही घालते मी. मेथीचे कोणी खात नाही घरात, करून नुसते वाटायचे

नर्मदे_हर:
थुंकी राहिली. बेडक्याची तपासणी करताना बाथरूममध्ये खोकू नका. ती सगळ्यात बंद जागा, मागोमाग बाळाला आंघोळ घालायला कोणीतरी तिथेच जातं. गच्चीवर किंवा अंगणात जा. पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास, मग छातीतून खोकून डबीत. लाळ नको, घट्ट बेडका हवा, किमान २ मिली. एरवी थुंकायचं ते कागदात, आणि कागद जाळायचा. किंवा झाकणाच्या डब्यात ब्लीचिंगचं पाणी ठेवून त्यात, मग संडासात ओतायचं. पेशंटची चादर उन्हात टाका, उन्हात हे जंतू टिकत नाहीत.

आमच्या भागात वाडे आहेत, एका खोलीत पाच जण. मग काय? पेशंट ओसरीवर किंवा गच्चीवर झोपावा. तेही जमत नसेल तर पेशंट खिडकीपाशी, बाळ वारा येतो त्या दारापाशी, मध्ये जास्तीत जास्त अंतर. पडद्याने काही होत नाही, उलट हवा अडते.

रामबागकर:
@नर्मदे_हर हे फार कामाचं, धन्यवाद.
आजोबांना तोडू नका एवढं कळकळीचं सांगणं. मास्क लावून, अंगणात, उघड्यावर, थोड्या अंतरावरून नातवंड बघायला काहीच हरकत नाही. बारसं हॉलऐवजी गच्चीवर करा. आणि गाठीचा किंवा हाडाचाच टीबी असेल, फुप्फुसात काही नसेल, तर तो असा पसरत नाही. त्या माणसाला वेगळं ठेवणं हा नुसता अन्याय आहे.

कुंदकळी:
विषय थोडा वेगळा पण ओठावर जर (तापाचे फोड) उठलेली असताना तान्ह्याचा पापा घेऊ नका कोणी. त्या फोडांचा विषाणू नवजात बाळाला जिवावर बेततो. बारशात हे सर्रास होतं

सिस्टरताई:
+१. पाहुण्यांनी आधी हात धुवावेत, मगच बाळ घ्यावं.

मालवणी_माहेर:
एमआरटीबीला (इंदूरचं सरकारी टीबी हॉस्पिटल) पैसे लागतात का? बाहेर औषधं महाग म्हणतात

पोहेजिलेबी:
सरकारी केंद्रात तपासणी आणि गोळ्या फुकट. निक्षयमध्ये (टीबी पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नाव नोंदलं की पेशंटच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला १००० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते. खातं आधारला जोडलेलं आहे ना बघा, पैसे तिथेच अडकतात. खाजगी डॉक्टरकडचे पेशंटही नोंदवता येतात. हेल्पलाइन १८००-११-६६६६. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, फक्त बाळाची नाही. मोठ्यांना गरज असेल तर आठवड्यातून एकदा असा १२ आठवड्यांचा प्रतिबंधक कोर्सही असतो, दोन वर्षांखाली तो देत नाहीत.

गुळपोळी:
दोन आठवड्यांत पसरणं थांबतं म्हणतात, मग मास्क काढला तर?

पोहेजिलेबी:
औषध लागू पडलं तर दोन आठवड्यांत खूप घटतं, हे खरं. पण घरात तान्हं असेल तर दोन महिन्यांच्या शेवटी बेडका पुन्हा तपासतात, तो रिपोर्ट हातात येईपर्यंत मास्क आणि वेगळी खोली ठेवाच. तान्ह्याला खोकला नसतो बरेचदा. दूध कमी पिणं, वजन न वाढणं, ताप, मलूल पडून राहणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. आणि आजोबांचा रिपोर्ट चांगला आला म्हणून बाळाचं औषध मध्येच बंद करायचं नाही, सहा महिने पुरे.