मुलांना घेऊन शिडाच्या बोटीवर राहायला जाणं, कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. नवऱ्याला सेलिंगचं जबरदस्त वेड आहे, वीकेंडला कायम मित्राच्या बोटीवर सोलेंटमध्ये (इथल्या किनाऱ्याजवळची सामुद्रधुनी) असतो आणि आता त्याचं म्हणणं की घर विकून ४० फुटी बोट घ्यायची, दोनेक वर्षं तिच्यावरच राहायचं, बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेन, पोर्तुगाल, मग कॅनरी बेटं आणि तिथून अटलांटिक पार करून कॅरिबियन. नकाशे, बजेट सगळं तयार आहे त्याचं. मला नाही म्हणायचं नाहीये, मुलांचं हे वय परत येणार नाही हे मलाही कळतं, पण मला बोटीतलं काही म्हणजे काही येत नाही, पोहता येतं तेवढंच. शाळेचं काय करतात? आजारी पडलं तर? स्वयंपाक, पाणी, कपडे कसं जमतं? आणि आईबाबांना सांगायचं कसं? जे राहिलेत त्यांनी खरं खरं सांगा प्लीज.

लाटेवरची:
अगं, आम्ही सध्या हेच जगतोय, कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाशी नांगर टाकून आहोत, दोन मुलं सोबत. शाळेचं त्यातल्या त्यात सोपं आहे. इंग्लंडमध्ये घरी शिकवणं कायदेशीर आहे, शाळेच्या हेडना लेखी कळवून नाव काढता येतं. सकाळी दोन-अडीच तास अभ्यास, बाकी वेळ पोहणं, मासे, भरती-ओहोटीचे तक्ते, डिंगी म्हणजे छोटी होडी वल्हवणं. इथे मुलं असलेल्या बऱ्याच बोटी असतात, सकाळी व्हीएचएफवर (बोटीवरचा रेडिओ) सगळ्यांची बोलाचाली होते, मुलं त्यावरच दुपारचं खेळायचं ठरवतात.

स्वयंपाकाचं म्हणशील तर आपला प्रेशर कुकर घेऊनच जा, झाकण घट्ट बसतं त्यामुळे बोट कितीही डोलली तरी डाळ सांडत नाही आणि गॅस वाचतो. शेगडी बिजागरीवर झुलणारी असते, ती सुटी सोडली की बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. गॅसची टाकी मात्र वेगळ्या कप्प्यात हवी, ज्याचं भोक थेट बाहेर समुद्राकडे उघडतं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो आणि एका ठिणगीत स्फोट. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटी पेलाभर गोड्या पाण्याने विसळायची. मुलांना आठवड्यात सवय होते, आपल्याला वेळ लागतो.

आता मुख्य मुद्दा. तू लिहिलंयस की तुला काही येत नाही, ही एकच गोष्ट मला काळजीची वाटते, बाकीचं सगळं निभतं. लहान मुलं असलेलं जोडपं म्हणजे एक जण सुकाणूवर आणि दुसरा मुलांपाशी, म्हणजे रात्रीच्या पाळीला जो वर असतो तो एकटाच असतो. नवऱ्याला बोट लागली, ताप आला, किंवा देव न करो तो पाण्यात पडला, तर शीड उतरवून बोट वळवून त्याला परत वर घेणारी तूच. बोट त्याची आणि तू पाहुणी, असं ठरवून निघू नकोस. घर विकायच्या आधी त्याच्याशिवाय कोर्स कर, आरवायएचा (ब्रिटनमधली सेलिंगची संस्था) कॉम्पिटंट क्रू हा सुरुवातीचा कोर्स पाच दिवसांचा असतो, मग डे स्किपर, म्हणजे बोट स्वतः चालवायचा. सोलेंटमध्ये फक्त बायकांसाठीचे कोर्स पण असतात. नवऱ्याकडून शिकू नकोस, तो हातातला दोर काढून घेईल, प्रेमानेच घेईल पण घेईल.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
मी मर्चंट नेव्हीत होतो, तेव्हा ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, काय दिसतं ते सांगतो. मोठ्या कंटेनर जहाजावरून नाकासमोरचं ५०० मीटरपर्यंतचं पाणी दिसलं नाही तरी ते नियमात बसतं, आणि रात्री लाटा असतील तर तुमची फायबरची बोट रडारवर धड उमटत नाही. २० नॉटने (तासाला २० सागरी मैल) येणारं जहाज क्षितिजावर दिसल्यापासून वीसेक मिनिटांत तुमच्या डोक्यावर असतं. म्हणून एआयएस ट्रान्सपॉन्डर घ्याच, म्हणजे तुमची जागा इतर जहाजांना कळवणारं यंत्र, इतरांची नुसती दाखवणारा रिसीव्हर नको, आणि पाळीवरच्या माणसाने दर १०-१५ मिनिटांनी चहूबाजूंनी बघायचंच. ताई, लाटेवरची म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे, व्हीएचएफच्या चॅनल १६ वर जहाजाला हाक मारायला तुम्हाला स्वतःला यायला हवं. रात्री डेकवर कोणीही, हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) अडकवल्याशिवाय नाही, मुलं तर अजिबात नाही.

अजून एक, २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला ओर्का (किलर व्हेल) शिडाच्या बोटींचं सुकाणू तोडतायत, काही बोटी बुडाल्या पण आहेत. त्यामुळे तिथून जाताना किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून जातात, निघायच्या आधी ताजी माहिती बघून घ्या. आणि बिस्के शरद ऋतूत नको, उन्हाळ्यातच उरकून टाका.

सम्या_पोर्ट्समथ:
पैशांचं बोलतो. बोटीच्या किमतीच्या साधारण १० टक्के दरवर्षी देखभालीला धरा, जुनी असेल तर जास्तच. घर विकू नका, भाड्याने द्या, परत यायला दार उघडं असलं की निर्णय शांतपणे घेता येतात. आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्ट असला तरी शेंगेनमध्ये (स्पेन, पोर्तुगालसह युरोपातले सामाईक व्हिसाचे देश) १८० दिवसांत ९० दिवसच, तुमच्यापैकी कोणाचा भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा आधीच, कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांचा पण वेगळा विचार करावा लागेल. या तारखांवरच सगळा मार्ग ठरतो, वाऱ्याइतकाच.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, नवऱ्याला थ्रेड वाचायला दिलाय. घर भाड्याने द्यायचं तो लगेच कबूल झाला. एकच विचारते, चक्रीवादळांचं काय? मला तीच जास्त भीती आहे.

लाटेवरची:
भीती बाळगच. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, म्हणून अटलांटिक नोव्हेंबर अखेर-डिसेंबरात ओलांडतात, तेव्हा व्यापारी वारेही बसलेले असतात, कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधलं सेंट लुसिया साधारण २७०० सागरी मैल, आपल्या साइजच्या बोटीला तीनेक आठवडे. मग जूनपर्यंत दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदाद गाठायचं, विमा कंपन्याही अशीच अट घालतात. पण दक्षिण म्हणजे सुरक्षित असं अजिबात धरू नकोस. २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळाने ग्रेनाडाची वाट लावली आणि १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ इथून जवळच्या कॅरिआकू बेटावर आलं. तिथल्या टिरेल बेच्या खारफुटीत लोकांनी नेहमीची सुरक्षित जागा म्हणून बोटी बांधून ठेवल्या होत्या, त्याही एकमेकींवर आदळून फुटल्या. आमचा घरचा नियम ठरलेला आहे, अंदाज बिघडला की बोट तिथेच सोडून आम्ही जमिनीवर पक्क्या इमारतीत. बोट परत घेता येते.

आणि आईबाबांचं, त्यांना फोनवर सांगूच नकोस. सांगलीला जा, समोर बसून नकाशा दाखव आणि तू कोर्स पास झाल्याचं सर्टिफिकेट पण दाखव. माझ्या आईचा सूर त्यानंतरच बदलला. त्रिनिदादला तर त्यांना बोलवच, तिथे १८४५ पासून आपल्याकडची माणसं आहेत, रोटी, चणे, दिवाळी सगळं आहे, त्यांना अगदी परकं वाटणार नाही.

कोर्स एप्रिल-मेचा बघ, सोलेंटला फेब्रुवारीत नको, हात इतके गार पडतात की गाठी बांधता येत नाहीत. आणि बोलाइन गाठ (न सरकणारा फास, बोटीवर सतत लागतो) घरी आत्तापासून बांधायला लाग, डोळे मिटून जमली पाहिजे.