विषय: कानाला आठ तास सोसेल असा हेडफोन (खाली चार माग)

पाठवणार: वडगाव, वरचा मजला
सोमवार, दुपारी १:१०

मंडळी, लाईट गेलीय, खालचे यंत्रमाग बंद आहेत, तेवढ्यात लिहून टाकते. काकांचा कापसाचा उपाय करून झाला, उपयोग शून्य. ऑफिसच्या कामाला आठ तास कानावर राहील आणि बाहेरचा आवाज अडवेल असा हेडफोन पाहिजे. चष्मा आहे, जाड दांड्यांचा. सध्याचा नॉइज कॅन्सलिंगवाला दिवाळीत घेतला. पंख्याचा आवाज पार गिळतो, पण मागाचं खट्याक-खट्याक जसंच्या तसं. वर दोन तासांत चष्म्याची दांडी रुतून डोकं धरतं.

स्वतः वापरलेलं असेल तेवढंच सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

पाठवणार: उद्यमबागवाले काका
सोमवार, दुपारी २:०५

कापूस झोपताना घाल म्हटलं होतं, कामाला नव्हे. आणि कापसानं काही अडत नाही हेही तेव्हाच सांगितलं होतं, पण ते कोण ऐकतंय.

फौंड्रीत तीस वर्षं काढली. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासायला, ग्राइंडर लागला की शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही. तिथं आम्ही काय घालत होतो? इयरमफ. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, चार्जिंग नाही. नुसत्या दोन वाट्या आणि पट्टी. थ्रीएमचे पेल्टर बघ. तुमच्या गाणी ऐकायच्या हेडफोनांपेक्षा स्वस्त पडतील आणि माग काय, रेल्वे अडवतील. माझ्याकडं एक जादा आहे, येऊन घेऊन जा.

पाठवणार: दुबईकर
सोमवार, रात्री ११:४०

काकांचं खरं आहे, पण त्यातून ऑफिसची मीटिंग कशी ऐकणार?

वहिनी, तुमचा हेडफोन बिघडलेला नाही. बाहेरचा आवाज माईकनं ऐकायचा, त्याची उलटी लाट तयार करायची आणि कानात सोडायची, असं हे यंत्र चालतं. एकसुरी, खोल आवाज असेल तर छान जमतं. एसी, जनरेटर, विमान, साधारण १००० हर्ट्झच्या खालचं सगळं. मागाचा ठोका अचानक येतो आणि त्यात वरच्या सुरांचा खणखणाट जास्त. तो अडवायचा तर कानावरची गादी आणि वाटीच पाहिजे, म्हणजे फिरून काकांचाच मुद्दा.

मी सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ वापरतो, २५४ ग्रॅम. आठ तास डोक्यावर असतो तेव्हा पाच-दहा ग्रॅमसुद्धा कळतात. नवा हेडफोन घट्ट वाटला तर रात्रभर जाड पुस्तकांवर ताणून ठेवा, दाब कमी होतो.

जाता जाता, ही कल्पना अमर बोस यांना १९७८ साली विमानात बसल्या बसल्या सुचली. झ्युरिकहून परतताना विमान कंपनीचे हेडफोन घातले आणि इंजिनाच्या घरघरीपुढं काही ऐकू येईना. तिथंच कागद काढून गणित मांडलं. प्रत्यक्ष विकायला हेडसेट आला १९८९ साली, तोही वैमानिकांसाठी.

पाठवणार: निपाणीचे मास्तर
मंगळवार, सकाळी ६:१५

बोस म्हणजे आपले बंगाली हो. अमर बोस यांचे वडील ननी गोपाल बोस क्रांतिकारक होते, इंग्रजांच्या कचाट्यातून सुटून अमेरिकेला गेले. नुसता कंपनीवाला म्हणून सोडून देऊ नका.

दुबईकर, निपाणीला कधी येताय? मागच्या वेळी म्हणाला होता घरी येतो, आणि परस्पर कोल्हापूरला निघून गेलात.

पाठवणार: उद्यमबागवाले काका
मंगळवार, सकाळी ८:३०

पुस्तकावर ताणायचा सल्ला साफ चुकीचा! गाण्याच्या हेडफोनचं काय ते दुबईकर जाणे, पण मफ ताणलास तर मेलास. त्याचा दाब हेच त्याचं काम. पट्टी ढिली झाली की कानाशेजारी फट पडते आणि फटीतून आवाज आत. पाण्याच्या टाकीला सुईएवढं भोक पडलं तर टाकी मोठी असून काय उपयोग?

चष्म्याचंही तेच. जाड दांडी गादीखाली गेली की दोन्ही बाजूंनी फट. आमच्याकडं चष्मेवाले होते, ते तारेची बारीक फ्रेम वापरायचे. नाहीतर दांडी कानावर न टेकवता जरा वर, केसांवर धरायची.

पाठवणार: वडगाव, वरचा मजला
मंगळवार, दुपारी १२:५०

काका, मफ घेऊन आले, काकूंनी कुंदाही दिला. दांडी वर धरून बघितली, एक्सेलमधल्या ओळी तिरक्या दिसायलीत. तारेची फ्रेम करायची म्हणजे परत नंबर काढणं आलं.

पण आवाज अडतो, मानलं. फक्त मफमध्ये मॅनेजरही अडतो.

पाठवणार: दुबईकर
मंगळवार, दुपारी ३:२०

काका, तुमचा मफ ताणा असं मी कुठं लिहिलंय? हेडफोनबद्दल बोलत होतो. मेल नीट वाचत जा की.

पाठवणार: मंडळ सचिव
मंगळवार, सायंकाळी ७:००

सभासदांस स्मरणपत्र. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. कोजागिरीच्या एकांकिकेच्या तालमीचा निरोप काल पाठवला, त्याला एकच उत्तर आलं (खजिनदारांचं, आणि तेही खर्चाबद्दल). हेडफोनवर मात्र सात मेल.

विषय निघालाच आहे तर: मंडळाच्या कपाटातला काळा हेडफोन मागच्या एकांकिकेच्या साउंडला बाहेर निघाला तो परत आलेला नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांना ठाऊक आहे.

पाठवणार: मागवाले
मंगळवार, रात्री ९:४५

वहिनी, तुमच्या खालचे माग माझ्या मावसभावाचे. इथं सगळे असं लिहायलेत जणू माग म्हणजे शेजाऱ्यांना त्रास द्यायलाच बसवलेत. वडगाव-शहापूरला माग तुमच्या वर्क फ्रॉम होमच्या कितीतरी आधीपासनं आहेत. लग्नात शहापुरी साडी नेसताना कुणाला आवाज आठवत नाही.

आता कामाचं. धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फेकला जातो आणि प्रत्येक फेरीला आपटतो, तो खट्याक. हवेतनं येणारा आवाज खिडकीच्या फटीतनं शिरतो, पण तुमच्या टेबलाला जो थरकाप लागतो तो जमिनीतनं आणि भिंतीतनं येतो. त्याला कानावर काही घालून उपयोग नाही. मागाच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले तर फरक पडतो, आम्ही दोन मागांना घातलेत. भावाला सांगतो. मंडळात चर्चा झाली म्हणून सांगणार नाही, माझ्या मनानं सांगतोय.

पाठवणार: डॉक्टरवहिनी
बुधवार, सकाळी ७:३५

माझी काळजी वेगळी आहे. मागाच्या वर गाणं किंवा मीटिंग ऐकू यावी म्हणून आवाज किती वाढवतेस? ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ८८ ला चारच तास. माग आपण बंद करू शकत नाही, पण त्याच्यावर मात करायला लावलेला हेडफोन आपणच लावतो. बाहेरचा आवाज अडला की आतला कमी करता येतो. अडवायचं ते त्यासाठी.

चष्म्याला सोपा तोडगा: गादीचा हेडफोन सोड, कानात जाणारा घे आणि त्याला फोमची टोकं लाव. दांडीचा प्रश्नच मिटतो. घालायची पद्धत मात्र नीट पाळ. हात धुऊन फोम बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, फोम आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. बहुतेक जण नुसता टेकवतात आणि वर म्हणतात की उपयोग नाही.

पावसाळ्यात कान ओले असताना घालू नकोस. मळ जास्त होत असेल तर आधी दाखवून घे, नाहीतर बोळ्यानं तो आत ढकलला जातो. हेअरपिननं खाजवणाऱ्या मंडळींना वेगळं सांगत नाही, तुमची नावं मला पाठ आहेत.

पाठवणार: उद्यमबागवाले काका
बुधवार, सकाळी ९:१०

कानात फोम आणि वर माझा मफ. पाकिटावर अडवायचा आकडा तीस आणि तीस, झाले साठ डेसिबल! मिटला विषय.

पाठवणार: दुबईकर
बुधवार, सकाळी १०:००

काका, तशी बेरीज होत नाही. दोन्ही घातले तर मोठ्या आकड्यात फार तर ५ मिळवायचे. तेही पाकिटावरचा आकडा खरा धरला तर, आणि घरात तेवढा कधीच मिळत नाही. पण युक्ती चांगली आहे. कानातल्या इयरफोनची वायर बारीक असते, मफच्या गादीखालून गेली तरी फट नावालाच.

पाठवणार: वडगाव, वरचा मजला
बुधवार, दुपारी १:३०

लाईट परत गेली. राऊटर इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळं हीच माझी खरी ऑफिसची वेळ.

फोमची टोकं मागवली. पण काल नवीनच अडचण निघाली. मला माग ऐकू येईनात, मीटिंगमधल्या सगळ्यांना मात्र येतात. पुण्याची मॅनेजर विचारते, तुम्ही स्टेशनवर आहात का? आणि कान बंद असल्यामुळं माझा आवाज मलाच मडक्यात बोलल्यासारखा घुमतो, मग मी हळू बोलते, मग ती म्हणते ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं.

पाठवणार: टिळकवाडी, दुसरं गेट
बुधवार, दुपारी ४:१५

इतके दिवस गप्प होतो, पण स्टेशन म्हटल्यावर राहवेना. मी रेल्वे गेटाशेजारी राहून कॉल सेंटरची नोकरी केली, भोंग्यासकट.

सगळे कानाबद्दल बोलायलेत, माईकबद्दल कुणीच नाही. नॉइज कॅन्सलिंग लिहिलेलं असतं ते बहुतेक तुमच्या कानासाठी, समोरच्यासाठी नव्हे. इयरफोनच्या वायरीवरचा माईक छातीपाशी लोंबकळतो, त्याला तुम्ही आणि माग सारखेच. तोंडापाशी दांडी येते तसा माईक पाहिजे, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं, श्वास थेट लागणार नाही असा बाजूला. तोंड जवळ आलं की माईकचा आवाज बारीक करता येतो, आणि बारीक केला की माग मागं पडतो.

वायरवाला घ्या. ब्लूटूथवर माईक चालू झाला की ऐकायचा आवाजही बऱ्याचदा जुन्या टेलिफोनसारखा होतो. घुमण्यासाठी हेडसेटमध्ये साइडटोन आहे का बघा, त्यात आपला आवाज आपल्याला थोडा परत ऐकू येतो. नाहीतर एका कानातला फोम बोलताना जरा सैल करा. मी तेच करत होतो.

पाठवणार: निपाणीचे मास्तर
बुधवार, सायंकाळी ५:५०

दुसऱ्या गेटचं दार पूर्वी अर्धा-अर्धा तास बंद असायचं. त्यात अडकून माझी एक मुलाखत हुकली होती. नाहीतर आज मीही दुबईत असतो.

पाठवणार: वडगाव, वरचा मजला
पुढचा सोमवार, सकाळी ११:२०

माग चालू असतानाच लिहितेय, यावरून ओळखा.

कानात फोमची टोकं, वर काकांचा मफ फक्त सकाळी दोन तास, चारी माग चालू असतात तेव्हा. त्या वेळी मीटिंग नसते, त्यामुळं चष्मा काढून मोठ्या अक्षरात वाचते. दुपारी मफ उतरतो, चष्मा चढतो. माईक टिळकवाडीकरांनी सांगितला तसला वेगळा घेतला, टेबलाला चिकटवायचा, लवचिक दांडीचा. तोंडापाशी ओढून घेतला की मॅनेजरला स्टेशन ऐकू येत नाही. आवाज पूर्वीच्या निम्म्यावर ठेवलाय, डॉक्टरवहिनी.

खाली तीन मागांना रबर लागलं. चौथ्याला म्हणे दिवाळीनंतर. टेबलावरचा चहा आता थरथरत नाही.

पाठवणार: मंडळ सचिव
सोमवार, दुपारी १२:०५

अभिनंदन. टेबलाला चिकटवायचा माईक एकांकिकेला चालेल का? शनिवारी तालमीला घेऊन या.

पाठवणार: उद्यमबागवाले काका
सोमवार, दुपारी १२:४०

माईक नेऊ नकोस, कपाटात गेलेली वस्तू परत येत नाही. मफ मात्र वापरून झाला की मलाच आणून दे, मंडळात नको.