मदत हवी आहे : ९ एमएमची कार्बाइन, मामेभावाने कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. मामेभाऊ टेक्सासला असतो, त्याच्याकडं ग्लॉक १७ पिस्तूल आहे. आता त्याला तीच ९ एमएमची गोळी चालणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घ्यायचीय, रेंजवर आणि क्लबच्या स्पर्धांसाठी. मी थोडीफार .२२ ची नेमबाजी केलेली, म्हणून मला विचारतोय. आपल्याकडं ९ एमएम प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास), साध्या परवान्यावर मिळत नाही. मी ती हातात धरलेली नाही, सांगणार काय?

त्यात आमचे काका, जालन्याला राखीव पोलीस दलात होते. ते म्हणतेत, "कार्बाइन म्हणजे आमची स्टर्लिंग. घोडा दाबून धरला की मॅगझिन रिकामं. एकेक गोळी मारणारी कसली कार्बाइन?" भावाला मात्र तशीच हवीय : घोडा एकदा दाबला की एकच गोळी, खांद्याला दस्ता, नळी किमान १६ इंच. त्याहून आखूड नळी असली तर तिकडं १९३४ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते.

मी समजतो की पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन म्हणायला गोळी मुळात पिस्तुलाची हवी. म्हणून दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची एम१ कार्बाइन यात धरत नाहीत, तिची .३० ची गोळी तिच्यासाठीच बनवली होती. बरोबर ना?

दोन शंका. लांब नळीनं गोळीला किती जोर येतो? आणि रुगर पीसी घ्यावी की सीएमएमजीची रिझोल्यूट?

प्रतिसाद १
एम१ बद्दल बरोबर. पण जोरासाठी घेऊ नका म्हणावं. ९ एमएमची दारू थोडी, पिस्तुलाच्या नळीतच बरीचशी जळते. हलकी गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटरनं जाते, १६ इंची नळीतून ४०० च्या आसपास. .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या जास्त दारूच्या गोळीला लांब नळी जास्त मानवते. खरा फायदा नेमाचा, खांद्याचा टेकू मिळतो ना.

रुगर साधी ब्लोबॅक. बोल्टला (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) कुलूप नाही, नुसतं वजन आणि स्प्रिंग. तो जड बोल्ट मागं येऊन आदळतो, त्यामुळं एवढ्याशा गोळीच्या मानानं धक्का जास्त लागतो. रुगरनं आत टंगस्टनचं वजन घालून तो मवाळ केलाय. रिझोल्यूटचा बोल्ट फिरून उशिरा उघडतो, झटका कमी, पण पैसे जास्त मोजावे लागतात.

ग्लॉक आहे म्हणता तर मी रुगरच घेईन. ग्लॉकची मॅगझिन बसवायचा भाग सोबत येतो. भाऊ डावखुरा आहे का? तिचा बोल्टचा दांडा दुसऱ्या बाजूला लावता येतो.

धागाकर्ता
डावखुराच आहे! आजच कळवतो. काका अजून ऐकायला तयार नाहीत.