नाईट ड्यूटी उतरलेल्या पोराची बीपीईटी: मेडिकलवाल्यांची पीटी वेगळी असावी का?

अजिंक्यतारा_पायथा:
आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून लागलो, हवालदार होऊन पेन्शनीत आलो. शेवटची तीन वर्षं युनिटची पीटी माझ्याकडं होती. आता साताऱ्यात भरतीची पोरं पळवतो. माझ्या हाताखालून गेलेला एक पोरगा लखनौच्या सेंटरला ट्रेनिंग करून एका हॉस्पिटलात आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. रात्रभर वॉर्ड, पहाटे दोन पेशंट सिरियस, बूड टेकायला मिळालं नाही, आणि ड्यूटी उतरल्या उतरल्या बीपीईटीला, म्हणजे फौजेच्या शारीरिक क्षमतेच्या टेस्टला फॉलिन. का, तर नफरी, म्हणजे हजर माणसं कमी पडत होती. पाठीवर सामान, हातात रायफल, पाच किलोमीटर. शेवटच्या किलोमीटरला ओकला, वेळेत आला नाही. कागदावर फेल. माझ्याकडं असताना हा पोरगा कधी मागं राहिला नव्हता.

मेडिकलच्या माणसाची पीटी कमी करा असं मी म्हणत नाही. ती ड्यूटी चार्ट बघून लावा, आणि त्याच्या कामाची द्या. आमचं काम म्हणजे जखमी उचलून आणणं. स्ट्रेचरला चार जण लागतात. चढ लागला की पुढचे दोघं हात खाली सोडतात, मागचे दोघं उचलून धरतात, तरच वरचा माणूस सपाट राहतो. चौघांचा पाय एकदम पडला तर स्ट्रेचर झुलतं आणि मोडलेल्या मांडीच्या माणसाचा जीव जातो त्यात. जन्मभर कदम मिळवून चालवलेल्या पोरांना इथं कदम तोडायला शिकवावं लागतं. हे कुठल्या टेस्टमध्ये आहे?

मागच्या रविवारी यवतेश्वरच्या चढावर पोरांना स्ट्रेचरवर वाळूची पोती दिली, सत्तर किलो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारणारी पोरं आहेत ही. तीनशे मीटरवर मुठी सुटल्या. दम शाबूत होता, पकडच नव्हती.

माणदेशी_उस्ताद:
मी इन्फंट्रीतला, पुण्याला पीटीचा कोर्स केलेला. हवालदार साहेब, पोराबद्दल वाईट वाटलं. पण एका पोराच्या फोनवरून अख्खी टेस्ट मोडीत काढू नका. सवलतीला एकदा तोंड फुटलं की हॉस्पिटलची पीटी हजेरीपुरती उरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. निम्मे ड्यूटीवर, पाव सिक रिपोर्टला, उरलेले हात हलवून परत. वयाप्रमाणं वेळ वाढवून दिलेलीच आहे, अजून किती सोडायचं?

पलटणीबरोबर तुमचा नर्सिंग असिस्टंट असतो. पलटण रात्रीत वीस किलोमीटर सरकली तर तोही सरकला पाहिजे. तो मागं राहिला तर पुढं पडलेल्याला पट्टी कोण बांधणार? कोरियाच्या लढाईत आपली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे जखमींवर उपचार करणारी तुकडी होती, कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. १९५० च्या हिवाळ्यात माघार घेताना सामान टाकून यायची वेळ आली होती. त्यांनी रेल्वेचं जुनं वाफेचं इंजिन मिळवलं, बादल्यांनी पाणी भरलं आणि सगळी सामग्री बाहेर काढली. पुढच्या मार्चला त्यातलेच काही जण अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर मुनसान-नी इथं पॅराशूटनं उतरले. हे लोक डॉक्टर आणि नर्सिंगवालेच होते.

कोरेगावची_सिस्टर:
उस्ताद, कोरियाचं उदाहरण मान्य. पण बादल्या भरणाऱ्यांना त्या सकाळी कुणी स्टॉपवॉच लावलं नव्हतं.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाले. माझा मुद्दा पेशंटचा आहे, तो अजून कुणीच काढला नाही. रात्र जागलेल्या माणसाला पाच किलोमीटर पळवलं आणि रात्री त्यालाच परत वॉर्डात उभं केलं, तर इन्फ्युजनचा, म्हणजे शिरेतून थेंब थेंब द्यायच्या औषधाचा हिशेब तोच करणार आहे. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. मी स्वतः असा डोस हातातून काढून घेतलाय, देणारा पोरगा उभ्या उभ्या पेंगत होता.

आणि गेम्स परेड. आमच्याकडं संध्याकाळी व्हॉलीबॉल असायचा. टीममधले बारा खेळायचे, बाकीचे साठ कडेला. सिस्टर लोकांना स्कोअर लिहायला बसवायचे. मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या स्टीपलचेस फायनलला पळाली, ती आपल्याच जिल्ह्यातली, उस्तादांच्या माणातली. आम्हाला पळता येत नव्हतं असं नाही, आम्हाला कुणी विचारलंच नाही. बेडवरून ट्रॉलीवर पेशंट ओढून ओढून कंबर गेलेल्या माझ्या किती मैत्रिणी आहेत. त्यांना पाठीचे व्यायाम कुणी शिकवले असते तर टेस्टमधल्या दोर चढण्यापेक्षा जास्त उपयोग झाला असता.

माणदेशी_उस्ताद:
ताई, बारा खेळतात आणि साठ बघतात हा पीटी एनसीओचा, म्हणजे पीटी घेणाऱ्या हवालदार-नाईकाचा आळस आहे. तिथं माझ्याकडं उत्तर नाही. चार छोटी मैदानं आखून सगळ्यांना खेळवता येतं. पण दोर राहू द्या. हवालदार साहेबांची पोरं मूठ सुटून पडली ना? मूठ दोरानंच येते.

भरती_२०२५:
सर, मग आम्ही १६०० सोडून स्ट्रेचरच करू का?

अजिंक्यतारा_पायथा:
नाही रे बाळा. भरतीत घड्याळच बघतात. स्ट्रेचर आठवड्यातून एकदा.

डॉक्टर_कराड:
मीही काही वर्षं वर्दीत होतो. हवालदार साहेब, सत्तर किलो पहिल्याच दिवशी चढावर देणं मला पटलं नाही. गुडघ्यात वाकून पाठ सरळ ठेवून उचलायला आधी शिकवा, चाळीसपासून सुरू करा. पळण्याचंही तेच. टेस्ट जवळ आली की महिनाभर रोज पळवायचं आणि मग नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, अशी पोरं मी सारखी बघायचो. हॉस्पिटल स्टाफमध्ये जास्त, कारण मधले महिने ते पळतच नाहीत. नाईट उतरल्यावर टेस्ट तर कधीच नको. झोप नाही, पाणी कमी, त्यात उन्हाळा, म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

अजिंक्यतारा_पायथा:
डॉक्टर साहेब, चाळीसचं मान्य, माझी चूक. आमच्या युनिटात मी तीन बॅच केल्या होत्या. नाईटवाल्यांची पीटी संध्याकाळी, झोपून उठल्यावर. उतरणाऱ्याला त्या दिवशी फक्त स्ट्रेचिंग. टेस्टचं नाव ड्यूटी चार्ट बघून मी स्वतः लिहायचो. नफरी कमी दिसते म्हणून वरून बोलणी खाल्ली, पण माझ्या तीन वर्षांत नाईट उतरलेला एकही पोरगा टेस्टला उभा राहिला नाही.

माणदेशी_उस्ताद:
टेस्ट दोन दिवस पुढं ढकला, माझी हरकत नाही. पण घड्याळ तेच, सामान तेच. यावर मी हलणार नाही.

कोरेगावची_सिस्टर:
आणि तो फेलचा शेरा? तो कोण काढणार?

अजिंक्यतारा_पायथा:
ताई, पोराला सांगितलंय, री-टेस्टसाठी अर्ज कर आणि त्या रात्रीचा ड्यूटी चार्ट जोड. उद्या देतोय.

माणदेशी_उस्ताद:
कंपनी हवालदार मेजरची सही घ्यायला सांगा त्याला, नाहीतर अर्ज पडून राहील. आणि रविवारी यवतेश्वरला किती वाजता? मी येतो दोर घेऊन.